एक नट पितळेचा

मामाच्या हिरो होंडा सीडी हंड्रेड मोटरसायकलचा सायलेन्सर काढायचा म्हणजे पुढं दोन नट, मागं एक बोल्ट, संपला विषय, असं धरून मी रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरून बसलो. इंजिनाच्या हेडच्या खालच्या अंगाला जिथं सायलेन्सरचा बेंड पाइप इंजिनात शिरतो तिथं एक फ्लँज, म्हणजे पाइप धरून ठेवणारी जाड पट्टी असते, तिच्या दोन बाजूंना ६ एमएमचे दोन स्टड, म्हणजे हेडमध्ये रोवलेले बिनडोक्याचे बोल्ट, त्यावर दोन नट. आदल्या रात्री दोन्हींवर डिझेल सोडून ठेवलं होतं. डावीकडचा नट म्हणजे गंजाचा गोळाच झालेला, कडा कुठं आहेत ते ब्रश मारून शोधावं लागत होतं. उजवीकडचा काळा-हिरवट, पण निदान सहा बाजू मोजता येत होत्या, म्हणून आधी त्याला १० नंबरचा रिंग पाना लावला. काही आवाज नाही, हिसका नाही, नट गपगुमान अर्धा आटा फिरला आणि पुढचं बोटांनीच निघून हातात आला. पँटला पुसला तर आतून पिवळा. पितळ! मग डावीकडं पाना लावला, तोही फिरायला लागला, जरा बरं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी ते मऊ-मऊ फिरणं सुरू झालं, ज्यांनी कधी स्टड मोडलाय त्यांना हे फिरणं हाताला ओळखू येतं, नट फिरत नसतो तर स्टडच पिळत असतो. थांबून उपयोग नव्हताच. टप्. नट आणि अर्धा स्टड एकत्र पोत्यावर.

एकाच फ्लँजवर एक नट पितळेचा आणि एक लोखंडी. असं कोण करतं?

खरं तर मोडलेल्या स्टडचं टेन्शन यायला पाहिजे होतं, पण दिवसभर डोक्यात तो पिवळा नटच फिरत राहिला. ही गाडी इचलकरंजीला गावभागात मामाच्या दारात उभी असायची, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा मामा-मामीला पोरांनी आधीच वर हलवलं, गाडी तिथंच राहिली. पाणी ओसरल्यावर सायलेन्सरमधून गाळ निघाला, तो नुसता हलवून टाकला आणि गाडी माळ्याखालच्या बोळात ढकलली, ती तिथंच. म्हणजे दोन्ही नटांनी तेच पाणी बघितलं, तोच गाळ, तोच गंजायचा काळ, आणि त्याआधीची तीसेक वर्षं एकाच इंजिनाची तीच गर्मी. सीडी हंड्रेडचं सिलेंडर आडवं, हेड पुढच्या चाकाकडं तोंड करून, आणि एक्झॉस्टचं भोक खाली, त्यामुळं पावसाळ्यात पुढचं चाक जे काय उडवील ते थेट याच दोन नटांवर. तापलेल्या लोखंडावर चिखलाचं पाणी, परत तापणं, परत पाणी. अशा जागी एक नट स्टडबरोबर एकजीव झाला आणि दुसरा काल लावल्यासारखा निघाला.

या सायलेन्सरशी माझी ओळख जुनी. उजव्या पोटरीवर आतल्या बाजूला सुपारीएवढा डाग अजून आहे. आमच्या पिढीत तो नसलेलं माणूस दाखवा म्हटलं तर अवघड, कुणाचा स्कूटरचा, कुणाचा राजदूतचा, माझा सीडी हंड्रेडचा. वाडीला नरसोबाच्या दर्शनाला जाताना मामा, मामी, मामीच्या मांडीवर बारकी आणि टाकीवर मी, असे आम्ही जायचो, आणि उतरताना कायम मामा ओरडायचा, "डावीकडनं उतर, डावीकडनं!" एकदा उजवीकडनं उतरलो. आधी काहीच वाटलं नाही, मग चर्र, मग केस जळाल्याचा वास, आणि मग बोंब. मामीनं पुजेच्या पिशवीतलं दही चोपडलं, घरी आल्यावर आईनं टूथपेस्ट. मामानं आधी सायलेन्सरकडं बघितलं, कारण क्रोमवर माझ्या कातडीचा तपकिरी डाग पडला होता, तो पुढं कित्येक महिने गेला नाही. मला तेव्हा त्याचा राग आला होता. आता स्वतः क्रोम घासत बसल्यावर राग जरा कमी झालाय, एवढंच म्हणतो.

संध्याकाळी मामाला फोन लावला.

"काय रं, निघाला का सायलेन्सर?"

"निघाला मामा, पण एक स्टड मोडला. आणि एक नट पितळेचा निघाला. तुम्ही लावला होता?"

"पितळेचा? मला काय माहीत. त्या टायमाला जे हाताला लागलं ते लावलं असंल."

मागनं मामीचा आवाज, "माझ्या स्टोचा नव्हं न्हवं तो? एक चकती कधीपासनं सापडंना झालीय." मामा तिला म्हणाला गप, आणि मला म्हणाला, गाडी चालू झाल्यावर फोन कर, उगं नटाबिटाचं विचारू नको.

पण हाताला लागलं ते लावलं हे काही पटेना. मामा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होता, त्याच्या हाताला लागणारे नट-बोल्ट म्हणजे मागाचे, ते बहुतेक सगळे इंचातले, आणि ही गाडी जपानी मापाची, ६ एमएमला १ एमएमचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. स्टोव्हचा तर प्रश्नच नाही. अॅम्बॅसेडरला एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पितळेचे नट असायचे, टॅक्सीवाल्या मिस्त्रींना ते चांगलं माहीत असतं, पण तिचं इंजिन मुळात विलायती, आटे इंचातले, ते या स्टडवर चढणारच नाहीत. म्हणजे हा नट कुठल्या दुसऱ्या गाडीवरनं काढून लावलेला नव्हता. भिंग घेऊन बघितला. उंचीला बाजारच्या नटापेक्षा चांगला दीडपट, एका बाजूची धार घासून गोल केलेली, दुसरी बाजू सरळ कापलेली, आणि तोंडावर बारीक गोल-गोल रेघा. हा लेथवर केलेला होता. कुणीतरी खास याच जागेसाठी, उंच ठेवून, म्हणजे जास्त आटे धरतील असा, पितळेच्या हेक्स बारातून, म्हणजे षटकोनी सळीतून काढलेला. मग एकच का केला? दोन केले असते तर माझा रविवार वाचला असता. याचं उत्तर बहुधा अगदी साधं असावं, त्या वेळी एकच नट गेलेला होता. दुसरा चालत होता. चालत असलेल्याला हात कशाला लावा, आपल्याकडं गाड्याच काय, घरंसुद्धा याच तत्त्वावर उभी आहेत.

सोमवारी ऑफिसमधून येताना कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिथं जो अनुभव येतो तो मला फार आवडतो, तुम्ही कितीही शिकलेले असा, काउंटरवरचा माणूस आधी विचारणार, "कुठं लावायचाय?" मी मुद्दाम सांगितलं नाही, म्हटलं ६ एमएमचे नट आणि स्टड दाखवा, काय-काय आहे ते. त्यानं चार पुड्या समोर ओतल्या. साधे एमएसचे, म्हणजे माइल्ड स्टीलचे, पिवळसर झिंक मारलेले, दिसायला छान. एचटीचे, म्हणजे हाय टेन्साइल, काळे, बोल्टच्या डोक्यावर ८.८. अॅलन बोल्ट, १२.९. आणि एसएसचे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, चांदीसारखे, डोक्यावर ए२-७०. शेजारी निळी कडी असलेले नायलॉक. दिवाळीत फटाक्यांच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या पोरासारखी माझी अवस्था होते अशा वेळी, सगळंच घ्यावंसं वाटतं, आणि मन लगेच सगळ्यात भारीकडं धावतं. १२.९ लावू. म्हणजे कधी तुटायचाच नाही.

पण जरा हिशोब करून बघा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतं त्यातला पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे तो तुटायच्या आधी किती ताण घेईल ते, ८०० मेगापास्कल, आणि दुसरा आकडा सांगतो की त्याच्या आठ दशांशाला, म्हणजे ६४० ला, तो कायमचा ताणला जायला लागतो. ६ एमएमच्या एका ८.८ बोल्टला लटकवायचं म्हटलं तर अकराशे किलोच्या वर वजन तो बिनबोभाट धरतो. असे दोन. आणि इथं काय धरायचंय, तर एक पत्र्याची नळी, जिचं निम्मं वजन मागच्या बोल्टवर आहे. अख्खी गाडीच शंभर किलोच्या आसपास. म्हणजे ताकद हा इथं मुद्दाच नाही. साधा एमएसचा स्टडसुद्धा ताकदीला भरपूर झाला. आणि तरी माझ्या हातात तुटलेला स्टड होता, तो काही ओझ्यानं तुटला नव्हता, तो गंजलेल्या नटानं तोडला होता. नट सोडेना म्हणून बिचारा पिळला गेला. तिथं १२.९ चा असता तर? तर कदाचित स्टड न मोडता हेडमधले अॅल्युमिनियमचे आटेच बाहेर आले असते, आणि ते जास्त महागात पडलं असतं. कुणीतरी तुटणारच असेल तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बाहेरचा तुटला पाहिजे. आधी नट, मग स्टड, आणि हेड कधीच नाही. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानातल्या पुड्यांकडं बघायची नजर बदलते.

नायलॉक आधी बाद. त्यातली निळी कडी नायलॉनची, शंभर-सव्वाशे अंशांच्या पुढं ती निकामी व्हायला लागते, आणि हेडच्या तोंडाशी पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचत उडून जातो इतकं ते तापतं. पहिल्याच लाँग राइडला कडी वितळून काळी राळ होणार आणि मग लॉकही नाही आणि नट धड निघतही नाही. निळं थ्रेडलॉक, म्हणजे आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव, तो पण तसाच, १८० अंशांपर्यंतची बात. झिंकवाले दिसायला देखणे, पण जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि त्याच्या कितीतरी आधी त्याची ती पिवळी झळाळी उडून जाते, मग आतलं लोखंड उघडं पडतं आणि पहिल्या पावसाळ्यात तांबूस. स्प्रिंग वॉशर, ज्याला आमच्याकडं वायसर म्हणतात, तोही रोज तापून-गार होऊन पाणी उतरलेला, म्हणजे नुसती चकती. हे सगळे मागच्या बाजूला, जिथं सायलेन्सर चेसिसला लटकतो, तिथं खुशाल लावा, नायलॉकसुद्धा. पुढं नको.

उरला एसएस. इथं मात्र माझं मन दोन दिवस हेलकावे खात होतं. एसएस गंजत नाही, हे खरं. जुन्या गाड्या चमकवणारी मंडळी सरसकट सगळी गाडी एसएसच्या बोल्टनी भरून टाकतात, फोटोत झकास दिसतं. पण एसएसवर एसएस आवळताना एक वेगळाच ताप असतो, आटे घासून गरम होतात, वरचा पातळ थर निघतो आणि नट मधेच चिकटून बसतो, ना पुढं ना मागं, नवाकोरा असताना. मग कापूनच काढायचा. गर्मीच्या जागी तर जास्तच. एसएसचा स्टड अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बसवला आणि त्यात मिठाचं, चिखलाचं पाणी गेलं तर गंज एसएसला धरत नाही, अॅल्युमिनियमला धरतो, पांढरी पूड होते आणि स्टड आतच चिणला जातो. म्हणजे ज्याला वाचवायचं तेच खायचं. कॉपर ग्रीस लावून हे टाळता येतं म्हणतात, येतही असेल. पण खरं सांगायचं तर मला ते दिसायलाच आवडत नाही. मामाची गाडी, तिचा रंग उडालेला, टाकीवर माझ्या पँटच्या बक्कलचे ओरखडे, आणि त्यात मधेच दोन नट स्टीलच्या ताटासारखे लखलखणार. गाडी जुनी दिसलेली चालेल, नटलेली नको.

जुनी म्हणताना परवाच एका मित्रानं छेडलं, म्हणाला सीडी हंड्रेड कसली व्हिंटेज! हो, सरकारच्या हिशोबानं नाहीच. २०२१ च्या नियमाप्रमाणं ५० वर्षं झाल्याशिवाय गाडीला व्हिंटेज म्हणत नाहीत, नंबर प्लेटवर व्हीए मिळत नाही. सीडी हंड्रेड आपल्याकडं आली १९८५ ला, म्हणजे पहिल्या लॉटमधल्या गाडीलाही २०३५ उजाडावं लागेल. आणि येझदीवाले, बुलेटवाले तर हिला गाडीच म्हणत नाहीत, ९७ सीसीची शिलाई मशीन म्हणतात. त्यांचे मेळावे भरतात, जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीचा दिवस असतो, गावोगावचे लोक गाड्या पुसून रस्त्यावर येतात. सीडी हंड्रेडचा कसला दिवस नाही, कारण ती कुणाची हौस नव्हतीच कधी. जाहिरातीतच सांगितलं होतं, भरा, बंद करा, विसरा. लोकांनी अक्षरशः तेच केलं. पेट्रोल भरलं आणि विसरले, ऑइल विसरले, चेन विसरले, सायलेन्सरचे नट तर तीस-तीस वर्षं विसरले. म्हणूनच त्या कुणा मिस्त्रीनं एका नटापुरती का होईना गाडी आठवणीत ठेवली याचं मला अप्रूप वाटत असावं. बुलेटच्या नटावर तेवढा वेळ घालवणारे पैशाला पासरी. एका जॉबरच्या सीडी हंड्रेडला, जी उद्या परत चिखलात जाणार आहे, तिला कोण लेथवर उंच नट काढून देतं?

शेवटी दुकानातून काहीच घेतलं नाही, फक्त सायलेन्सरची नवी पॅकिंग घेतली, तांब्याची गोल रिंग, आणि छोटा हत्ती टेम्पो करून गाडी उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, नेली. तिथल्या वेल्डिंगवाल्यानं टाकी काढायला लावली, बॅटरी सोडली, गाडी टायरच्या ढिगावर आडवी केली. मोडलेला स्टड हेडच्या बाहेर कसाबसा दोन-तीन एमएम उरला होता. त्यानं एक ८ एमएमचा नट त्या बुडख्यावर टेकवला, मधल्या भोकातून वेल्डिंगचा एक ठिपका दिला, अजून एक, भोक भरलं. या कामातली गंमत अशी की स्टीलचं वेल्डिंग अॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळं हेडला काही होत नाही, आणि त्या गर्मीनं आतला गंज चळतो. नट लाल होता तो काळा होईपर्यंत तो बिडी ओढत थांबला. मग पाना लावून जराशी आवळायच्या बाजूला, जराशी सोडायच्या बाजूला, परत आवळायच्या, तोंडानं काहीतरी पुटपुटत, आणि तिसऱ्या-चौथ्या हेलकाव्याला कुर्रकुर्र करत बुडखा बाहेर. त्याच्या आट्यांत पांढरी पूड अडकलेली. दुसरा स्टड, पितळी नटवाला, त्याच्यावर दोन नट एकमेकांवर आवळून खालचा फिरवला तर सहज निघाला. हे बघून तो म्हणाला, "याला हात लागलेला हाय आधी कुणाचा तरी. जाणत्याचा." मला एकदम बरं वाटलं, म्हणजे माझंच कौतुक झाल्यासारखं, काही कारण नसताना.

स्टड आणि नट करायला दोन गाळे सोडून लेथवाल्याकडं. म्हातारा माणूस, चष्म्याला दोरी. त्याला जुना पितळी नट दाखवला, म्हटलं असे दोन पाहिजेत आणि दोन स्टड. त्यानं नट बोटांत फिरवला, नखानं आटे बघितले आणि म्हणाला, स्टड ईएन८ पोलादाचे देतो, एचटीच्या नादाला लागू नको, आणि नट दोन नाही, दहा घे. दोनसाठी मशीन लावत नाही मी. घासाघीस करून बघितली, उपयोग झाला नाही. मग १० एमएमची पितळेची हेक्स सळी चकमध्ये धरली, तोंड साफ केलं, ५ एमएमचं ड्रिल घातलं. लोखंडाचा कीस निघतो तो लांब, निळा, वेटोळे घालत, बोटाला कापणारा. पितळेचं तसं नाही, त्याचा बारीक चुरा उडतो, सोनेरी पाऊस पडल्यासारखा, त्याच्या दाढीत, बनियनवर, माझ्या चपलेत. वास पण वेगळा, जुन्या नाण्यांचा येतो तसा. ड्रिल झालं की हातानं आटे पाडायचा ६ चा टॅप, अर्धा फेरा पुढं, पाव मागं, मग कटिंग टूलनं तुकडा पाडायचा, मग पुढचा. कडा गोल करायला फाइल लावली ती एकाच बाजूला. मी विचारलं, दुसऱ्या बाजूला का नाही? "दुसरी बाजू बसायची हाय नव्हं फ्लँजवर, सपाट पायजे." म्हणजे माझ्या हातातल्या जुन्या नटावर पण हेच होतं. विचारलं, हा तुम्हीच केलाय का कधी? तो हसला. म्हणाला, असं पितळेचं काम उद्यमनगरात निम्म्या गाळ्यांनी केलंय, इचलकरंजीलाही होतं, सांगलीलाही होतं, आता कशाला सांगू माझाच म्हणून.

बसवताना घाई केली नाही. हेडच्या भोकांत हलका टॅप फिरवून पांढरी पूड काढली, स्टडच्या आतल्या टोकाला कॉपर ग्रीस चोपडून ते दोन नटांच्या युक्तीनं बसवले, तळाला टेकल्यावर जोर लावला नाही, कारण अॅल्युमिनियम मऊ असतं. नवी पॅकिंग, मग पाइप, आणि एक चूक सगळेच करतात ती टाळायला मागचा बोल्ट आधी सैलच ठेवला, पाइप आपसूक सरळ बसू दिला, मग पुढचे नट आळीपाळीनं थोडे-थोडे आवळले. ६ एमएमला १० न्यूटन मीटरच्या आसपास बास होतं, माझ्याकडं टॉर्क रेंच नाही, पण छोटा रिंग पाना मधे धरून मनगटानं आवळलं की साधारण तेवढंच होतं. मग गाडी चालू. पहिल्या किकला नाही, चौथ्या-पाचव्याला खोकली, मागनं गाळाचा वाळलेला धुरळा भसकन निघाला आणि शेजारच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे भरले, त्यावर दोन दिवस बोलणी खाल्ली. दहा मिनिटं तापू दिली, बंद केली, पूर्ण गार झाल्यावर नट परत आवळले. पाव फेरा खाल्लाच त्यांनी. पॅकिंग दबते, त्यामुळं हा दुसरा पीळ द्यावाच लागतो, तो दिला नाही की महिन्याभरात फ्लँजभोवती काजळी आणि फट-फट आवाज. हात फिरवून बघितला, कुठं हवेचा झोत लागत नव्हता. आवाज गोल आला, सीडी हंड्रेडचा असतो तसा, किंचित नाकातला.

एक कबूल करतो, तो जुना पितळी नट परत लावावा असं फार वाटत होतं. आटे चांगले होते त्याचे. लावायला हातातही घेतला. मग वाटलं, दोन्ही सारखेच असू देत, पुढं कधीतरी कुणी ही गाडी खोलेल तेव्हा त्याला एक निघाला आणि एक मोडला असं नको व्हायला. मामाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, पुढं कोण खोलतंय, भंगारात जाईल. तसंही होईल. भंगारवाला पितळ वेगळं काढून घेईल, त्याला भाव जास्त आहे.

आता प्रश्न उरलेल्या नटांचा आहे. दोन गाडीला लागले, दोन मी ठेवले. एका मित्राची जुनी स्प्लेंडर आहे, तिलाही तेच माप, त्याला दोन दिले, त्यानं लावले आणि कौतुकानं फोटो काढून पाठवला. त्याच्या चुलत्यानं ते बघून आणखी दोन नेले. लेथवाल्या म्हाताऱ्याकडं परवा सहज गेलो तर तो म्हणतोय, अजून तिघं जण तसलेच विचारून गेले, तू काय जाहिरात करतोयस का? आणि काल मामीचा फोन, कुकरच्या कानाचा स्क्रू सैल झालाय, तुझ्याकडं ते पिवळे आहेत म्हणे त्यातला बसतोय का बघ. म्हटलं मामी, ६ एमएमचा असेल तर बसेल, आधी माप पाठवा. तिनं पट्टी ठेवून फोटो पाठवलाय, पण पट्टी इंचाची आहे.